पाण्यावरचे भासरे

माझ्या वजनाचा कुणाला उपयोग होईल, असं चाळिशी उलटेपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचे ते वेगळंच. लग्नात सासरच्या बायका म्हणाल्या, पोरगी अंगानं बरी हाय. दोन बाळंतपणांनंतर त्याच बायका 'बरी' म्हणायच्या थांबल्या आणि एसटीत माझ्या शेजारी कुणी बसेना. अशा मला आमच्या ह्यांनी एका रविवारी सकाळी दुकानातल्या दोर तोलायच्या काट्यावर उभं केलं. काटा बघितला. आणि मग माझ्याकडं अशा कौतुकानं बघितलं, की एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी लाजले.

"ब्याऐंशी," हे म्हणाले. "लई झकास."

आमचं दुकान माजलगावला, मोंढ्याच्या रस्त्यावर. ताडपत्री, नायलॉनचा दोर, कासरे, पाण्याची पिंपं. दुकान दोघा भावांचं. थोरले सिद्धलिंगअण्णा गल्ल्यावर बसायचे आणि आमचे हे, अमरनाथ, ताडपत्री मोजायचे. अण्णा म्हणजे माझे भासरे. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून दणकट. हे मात्र ताडपत्रीच्या घडीआड उभे राहिले तर गिऱ्हाइकाला दुकान रिकामं वाटायचं. यांचं वजन एकोणपन्नास किलो, तेही जेवण झाल्यावर.

आता आमच्या जिल्ह्यात होडीची शर्यत म्हटलं की ऐकणारा आधी आभाळाकडं बघतो आणि मग सांगणाऱ्याकडं. पण माजलगावचं धरण भरलं की पलीकडचा काठ धूसर दिसतो, एवढं पाणी असतं. त्या पाण्याकडं बघून अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात शिकवणारे डॉक्टर योगीराज वेडे झाले. मुंबईत शिकताना ते शिडाच्या होड्यांत हौसेनं जायचे. इकडं आले आणि दहा वर्षं कोरड्यानं काढली. मग ती वर्षं आली, की ज्याला त्याला काहीतरी नवं पाहिजे झालं. कुणी गच्चीवर डिश लावली, कुणी टेलिफोनचं पिवळं खोकं टाकलं. डॉक्टरांनी पुण्याच्या बाजूचा एक बंद पडलेला क्लब गाठला आणि तिथल्या चार जुन्या लाकडी होड्या उसाच्या ट्रकमधून आणल्या. त्यांची शिडं उंदरांनी खाल्लेली होती. म्हणून डॉक्टर आमच्या दुकानात आले.

अण्णांनी पातळ ताडपत्री काढली, हात फिरवला, विचारलं, "कशाला पाहिजे?"

डॉक्टरांनी सांगितलं. अण्णा हसले. हसले, आणि पुढच्या रविवारी बघायला गेले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवून एका होडीत बसले. बसले ते उठलेच नाहीत. हेही गेले, कारण अण्णा गेले. आमच्या घरात तसंच असतं.

एका होडीत दोन माणसं लागतात. मागचा सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो. पुढचा लहान शिडाचा दोर धरतो, आणि वाऱ्यानं होडी एका अंगाला कलायला लागली की दुसऱ्या अंगाच्या काठावर बसून, पट्ट्यात पाय अडकवून, पाठ पार पाण्यावर झोकून देतो. म्हणजे होडी सरळ राहते आणि पळते. सुकाणूला हे असले, की पुढं भारी माणूस पाहिजे. ह्यांनी आधी सरकीचं पोतं ठेवून बघितलं. पोतं बसायला चांगलं बसलं. पण होडी वळली की माणसाला या काठावरून उठून त्या काठावर जावं लागतं, आणि पोतं आपण होऊन उठत नाही. दोनदा पोतं तळाशी गेलं, एकदा हे.

मग मला काट्यावर उभं केलं.

मला त्या होडीत काय मिळालं, ते मी कावेरीअक्काला सांगायचा लई प्रयत्न केला. कावेरीअक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, अण्णांची बायको. ती दर रविवारी काठावर स्टो पेटवून भजी तळायची आणि पाण्याच्या जवळ यायची नाही.

"भिजतीस, काळी पडतीस, मांड्या काळ्यानिळ्या होत्यात," ती म्हणायची. "ह्यात मज्जा कशात हाय ते तर सांग."

काय सांगणार. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की बाईचे पाय तिचे स्वतःचे होतात, हे एक. ते पाय पट्ट्यात अडकवायचे आणि पाठ मोकळ्या हवेत टाकायची. खाली पाणी पळतं, वर आभाळ, मधे आपण खुंटीवरच्या पातळासारखे. होडीनं वेग धरला की तिच्या तळाची फळी बारीक गुणगुणते. कान देऊन ऐकलं तर ते पाठीच्या मणक्यात ऐकू येतं. घरात मी उभी राहिले की कुणीतरी म्हणतं, बाजूला हो, उजेड अडतोय. इथं हे मागून म्हणायचे, "अजून टाक अंग. अजून." घरात ह्यांचं आणि माझं बोलणं मिठावर सुरू होऊन मिठावर संपायचं. होडीत दोन तासांत आम्ही एकमेकांना इतक्या सूचना, इतक्या शिव्या आणि इतक्या शाबासक्या द्यायचो, की नवीन लग्न झाल्यासारखं वाटायचं. आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे कुठं जायचं ते मला ठरवायचं नव्हतं. सुकाणू ह्यांचं, चुका ह्यांच्या. माझ्याकडं एक दोर आणि माझं अंग. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईला विचारा, हुकूम ऐकण्यात नव्हे, पण निवाडा न करण्यात काय सुख असतं.

बरं, येत कुणालाच काही नव्हतं. मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा फिरला की ज्याच्या त्याच्या टाळक्यात बसायचा. चार होड्यांतले आठही जण एकदा तरी पाण्यात पडलेले. अंगात घालायच्या तरंगत्या बंड्याही आमच्याच दुकानात शिवलेल्या, ताडपत्रीत थर्माकोल भरून. त्या घातल्या की सगळे शिधा भरलेल्या पिशव्यांसारखे दिसायचे. डॉक्टर शिट्टी फुंकायचे, आणि आम्ही पिशव्या तीन निळ्या पिंपांना वळसा घालायला निघायचो.

आता अडचण.

वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जात नाही. नागमोडी जावं लागतं. एकदा वारा उजव्या अंगावर घ्यायचा, वळायचं, एकदा डाव्या. सगळेच असे वाकडेतिकडे जातात, म्हणजे मधे समोरासमोर येतात. तेव्हा नियम असा, की ज्याच्या उजव्या अंगानं वारा येतोय त्याचा रस्ता. दुसऱ्यानं वळून जायचं. सुरुवातीला समोरासमोर आले की दोन्हीकडचे सुकाणूवाले एकमेकांची खानदानं काढायचे. डॉक्टरांनी आमच्या क्लबापुरता नियम केला: सुकाणूवाल्यानं समोरच्या होडीशी बोलायचं नाही. ज्याचा हक्क आहे त्याच्या पुढच्या माणसानं समोरच्या सुकाणूवाल्याला एकच हाक द्यायची, 'उजवा'. हाक दिली नाही तर हक्क गेला. सुकाणूवाला समोरच्याशी बोलला तर होडी बाद.

हायस्कूलच्या मास्तरांची होडी समोर आली की मी अशी हाक द्यायची की काठावरच्या म्हशी मान वर करायच्या. डॉक्टरांच्या विद्यार्थ्यांची आली तरी तसंच. पण अण्णांची होडी समोर आली की माझ्या तोंडातून वारासुद्धा निघायचा नाही.

कारण मी अण्णांशी बोलत नव्हते. भांडण नव्हतं. आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि चुकून ढळलाच तर त्यांनी तोंड फिरवायचं. एकोणीस वर्षं एका छताखाली काढली, पण एक शब्द इकडून तिकडं सरळ गेला नाही. काही सांगायचं असलं तर मी भिंतीला सांगायची, "भिंती, चहा झालाय म्हणावं." आणि अण्णा गाईला सांगायचे, "गाई, साखर कमी हाय म्हणावं." मला टायफॉइड झाला तेव्हा रोज सकाळी उंबऱ्याबाहेर मोसंब्या ठेवलेल्या असायच्या. कुणी ठेवल्या ते कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. तोंड उघडून बोलणाऱ्या किती माणसांनी मला काय दिलं, ते मला माहीत आहे. म्हणून ते न बोलणं मला जड नव्हतं. जमिनीवर.

पाण्यावर पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी वळून ह्यांना म्हणाले, "अहो, अण्णांना सांगा की, उजवा म्हणून."

हे दातओठ खात कुजबुजले, "मी बोललो की बाद. तू ओरड."

"मी कशी ओरडू? अण्णा हायेत ते."

तोवर अण्णांची होडी म्हशीसारखी अंगावर आली. हे वळले. आम्ही मागं पडलो.

दुसऱ्या खेपेला मी युक्ती केली. अण्णांच्या होडीत पुढं जलालुद्दीनभाई बसायचे. बसस्टँडमागं त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. मी त्यांना हाक मारली, "जलालभाई, तुमच्या होडीला सांगा, उजवा."

जलालभाईंनी इमानदारीनं मागं वळून सांगितलं, "अण्णा, भाभी उजवा बोल रै."

अण्णा समोर बघत म्हणाले, "मला कुणी हाक दिली न्हाई."

काठावर डॉक्टरांनी निकाल दिला. हाक सुकाणूवाल्याला पाहिजे, निरोप चालणार नाही. अण्णा बोलल्याबद्दल त्यांची होडी बाद करावी, असं आमचे हे म्हणाले. अण्णा म्हणाले, मी आमच्याच होडीतल्या माणसाशी बोललो. डॉक्टरांनी डोकं धरलं.

इथवर चाललं असतं. पण अण्णांना कळलं. दोरात किती पीळ आहे ते बोटानं ओळखणारा माणूस, त्याला हे कळायला किती वेळ. मग ते पिंपाकडं जायचेच नाहीत, आमच्याकडं यायचे. उजवा वारा आमचा असला की नेमके समोरून, छाती काढून, मिशीत हसत. त्यांना ठाऊक, धाकटी ओरडत न्हाई. दर रविवारी आम्ही त्यांच्या मागं. घरी आल्यावर तेच अण्णा गाईला सांगायचे, "गाई, आज अमरची होडी बरी पळत होती म्हणावं." गाईनं काय करावं.

संक्रांतीनंतरचा रविवार ही त्या वर्षीची शेवटची शर्यत. पुढं पाणी कालव्याला सुटतं आणि होड्या शेडात जातात. त्याच्या आदल्या दिवशी हे ताडपत्रीची घडी घालता घालता म्हणाले, "शिवकांता, एक बोलू?"

"बोला."

"उद्या अण्णांच्या पुढं न्हाई गेलो, तर पुढल्या वर्षी फिरोजला घेतो म्हणतो."

फिरोज म्हणजे जलालभाईंचा धाकटा भाऊ. गाड्यावर पपया विकायचा. आवाज असा, की पपई टालेवाडीच्या रस्त्यावर आणि आवाज मोंढ्यात.

"त्याचं वजन किती?" मी विचारलं.

"साठ असंल. पण ओरडतो तरी."

मी घडीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून घडी घातली, ती वाकडी झाली. माझ्या डोळ्यांपुढं पुढच्या वर्षीचे रविवार आले: कावेरीअक्का, स्टो, भजी, आणि लांब पाण्यावर आमची होडी, तिच्या काठावर पपईवाला पाठ टाकून बसलेला. बाई मरायच्या आधी सवत बघते, ती अशी.

"तुमाला मी नको झाले का?" मी विचारलं.

"तसं न्हाई गं," हे म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच पडला होता. "पण दर वेळी मीच वळायचं. घरात बी मीच, दुकानात बी मीच. निदान पाण्यावर तरी एकदा त्यांनी वळावं, असं वाटतं."

यावर मला राग धरता आला नाही, हेच वाईट झालं.

रविवारी पूर्वेचा वारा होता, खणखणीत. मी पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली, वरून बंडी चढवली. एका बियाणं कंपनीनं सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या होत्या. माझ्या पदरावर ती टोपी बसेना, म्हणून मी ती ह्यांच्या टोपीवर चढवली. हे दोन टोप्यांत जास्तच बारीक दिसायला लागले. शिट्टी झाली.

आम्ही चांगले निघालो. ब्याऐंशी किलोला साजेसा वारा होता तो. मास्तर पुढं, आम्ही त्यांच्यामागं, अण्णा आमच्या जरा मागं. विद्यार्थी सुरुवातीलाच पाण्यात पडलेले. दोन पिंपं झाली. दुसऱ्या पिंपाला वळसा घालताना आम्ही आणि अण्णा अगदी जवळ आलो. एवढ्यात आडवा दांडा फिरला, मी खाली वाकले, आणि दांड्याच्या खिळ्यात माझी हनुवटीची गाठ अडकून सुटली. पदर मागं उडाला. डोकं उघडं. अंबाडा सुटून केस तोंडावर.

मी केस बाजूला केले तेव्हा अण्णा दिसले. म्हणजे अण्णांचा कान दिसला. मान पार पलीकडं वळलेली. आणि मानेबरोबर हात. सुकाणू फिरलं, होडीनं वाऱ्यात तोंड घातलं, शीड फडफडायला लागलं, आणि होडी जागच्या जागी, गाढव उभं राहावं तशी उभी राहिली.

"अण्णा, सामने देखो जी," जलालभाई म्हणत होते. "पानी उधर न्हई, इधर है."

अण्णा समोर बघेनात.

मी घाईघाईनं अंबाडा आकड्यात खोचला, पदर घेतला, गाठ मारली. तोंड तापलं होतं. ह्यांनी बघितलं होतं. आम्ही पुढं गेलो. अण्णांनी होडी सावरली आणि निघाले, आणि आता ते चिडलेले होते. शेवटचा टप्पा वाऱ्याच्या तोंडावर. नागमोडी.

मी काठावर पाठ टाकली आणि विचार करायला लागले. खरं तर विचार करायला मी होडीत येत नव्हते.

भासऱ्यांशी बोलायचं नाही हे माझ्याकडचं बंधन. ते अण्णांनी दर रविवारी उसाच्या कांडीसारखं चघळलं. बरोबर. पण त्याच बंधनाचं दुसरं टोक त्यांच्याकडं होतं, आणि एकोणीस वर्षं ते त्यांनी सोडलं नव्हतं. आज भर शर्यतीत, होडी उभी राहिली तरी सोडलं नाही. मला त्यांचा आदर वाटला. पूर्ण आदर. आणि आदर वाटत असतानाच माझ्या बोटांनी हनुवटीखालची गाठ चाचपली.

शेवटच्या पिंपाच्या अलीकडं ते आले. उजवा वारा आमचा. ते डाव्या वाऱ्यावर, समोरून, नेहमीसारखे छाती काढून. त्यांच्या होडीचं नाक सरळ माझ्या बरगड्यांवर. ते काठावर बसलेले, तोंड आमच्याकडं. मी काठावर बसलेली, तोंड त्यांच्याकडं. मिशीतलं हसू दिसायला लागलं.

"वळू का?" हे मागून कुजबुजले. सूर असा, की सगळं संपलेलंच आहे.

"नका वळू."

"ओरडतीस का?"

"न्हाई."

"मग?"

मी गाठ सोडली. पदर खाली सारला, मानेवर, आणि वरून अंबाड्याचा आकडाही काढून टाकला. अर्धवट काम मला आवडत नाही. वारा होताच. माझे केस निशाणासारखे उडाले.

अण्णांच्या चेहऱ्यावर आधी काही आलं नाही. मग ते आलं. एका क्षणात सगळं, माझं लग्न, मोसंब्या, गाय, भिंत, सगळं त्या चेहऱ्यावरून गेलं आणि त्यांची मान फिरली. मान फिरली, हात पोटाशी आला, सुकाणू आलं. त्यांची होडी गर्रकन वळून आमच्या मागून गेली, इतक्या जवळून की जलालभाईंनी हात लांबवून आमच्या होडीची पाठ थोपटली.

"पदर घे," हे म्हणाले. आवाज कापत होता. मला वाटलं रागानं. वळून बघितलं तर हे हसत होते, दोन टोप्यांखाली, डोळ्यांत पाणी येईतो, आवाज न काढता, कारण हसू अण्णांपर्यंत गेलं असतं तर तेही बोलणं धरून होडी बाद झाली असती.

पहिले मास्तर आले. त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. दुसरे आम्ही. तिसरे अण्णा.

काठावर बाभळीखाली डॉक्टरांनी बैठक लावली. अण्णांनी तक्रार मांडली होती. मी कावेरीअक्काच्या मागं, स्टोच्या धुरात, पदर कपाळापर्यंत ओढून बसले.

"काय तक्रार?" डॉक्टर म्हणाले.

"ह्यांच्या होडीनं हाक दिली न्हाई," अण्णा म्हणाले.

"दिली नाही?"

"न्हाई दिली," आमचे हे म्हणाले.

"मग रस्ता तुमचा होता, अण्णा. तुम्ही सरळ जायचं. वळलात का?"

अण्णांनी बाभळीकडं बघितलं. काय सांगणार? चार माणसांत, मास्तरांसमोर, पोरासोरांसमोर, धाकट्या भावाच्या बायकोचं डोकं उघडं दिसलं असं म्हणायचं? ते बोलणं उघड्या डोक्यापेक्षा मोठं पाप. माझा जीव खरंच तुटला. तरी मी पदराआड एक भजं खाल्लं.

"वारा फिरला," अण्णा शेवटी म्हणाले.

"वारा फिरलेला मला काठावरून दिसला नाही," डॉक्टर म्हणाले. "जलालभाई, तुम्ही पुढं होतात. काय झालं?"

जलालभाईंनी एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा धुराकडं. "क्या मालूम साब. मेरे आँख में पानी गया था."

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोनों में जी. लई पानी था."

डॉक्टरांनी शिट्टीशी चाळा केला. मग म्हणाले, "हाक नसताना आपण होऊन रस्ता दिला, तर तो मोठेपणा झाला. मोठेपणावर तक्रार घेता येत नाही."

"ऱ्हाऊ द्या मग," अण्णा म्हणाले.

कावेरीअक्कानं झाऱ्यातलं तेल निथळवत माझ्याकडं बघितलं. तिनं काठावरून सगळं पाहिलेलं होतं. "तू केस कावून सोडलेस गं?"

"वारा लई होता, अक्का."

"हां," ती म्हणाली. "अंबाड्याचा आकडा बी वाऱ्यानंच काढला."

सगळे पांगले. मास्तर आपली होडी ओढायला गेले. अण्णा आमच्यापासून दोन हातांवर, पाठ करून, ओल्या दोराचं भेंडोळं करत होते. भेंडोळं झालं तरी करतच राहिले. मग कावेरीअक्काला म्हणाले, "ऐकलं का. तिला सांग."

"काय सांगू?"

"पुढच्या येळी वरड म्हणावं. चांगलं मोठ्यानं. नाव घेऊन वरडली तरी चालंल. पण हे असं..." त्यांनी भेंडोळं खाली टाकलं. "हे असं डोकं उघडं टाकून माणसाचं सुकाणू घ्यायचं न्हाई. त्याच्यापरीस वरडलेलं परवडलं."

कावेरीअक्का माझ्याकडं वळली. "वरड म्हणत्यात."

"ऐकलं मी, अक्का. त्यांना म्हणावं, वरडले तर वळावं लागंल."

"वळावं लागंल म्हणती," अक्कानं दोन हातांवर निरोप पोचवला.

"वळतो म्हणावं," अण्णा म्हणाले. "नियमच हाय तो."

हे शेजारी येऊन बसले. भज्याचा घास घेतला. "फिरोजला मी बोलून बसलोय," ते हळूच म्हणाले. "आता काय सांगू त्याला?"

"पपया विक म्हणावं."

पाणी सुटायला अजून आठवडा होता. पुढच्या रविवारी शर्यत नव्हती, नुसताच सराव, पण चारही होड्या उतरल्या. ऊन चढायच्या आत आम्ही मध्यावर गेलो. अण्णा समोरून आले. त्या दिवशी त्यांनी मिशीत हसू ठेवलं नव्हतं, उलट चेहरा असा केला होता, जणू सुई टोचून घ्यायला आलेत. उजवा वारा आमचा.

मी तोंड उघडलं. रात्रभर पाठ केलेली नव्हती, तरी पाठ असलेली एकच हाक. बाहेर आली ती मांजराला दूध ठेवल्यावर बोलवावं तशी.

"उजवा."

अण्णांची होडी येतच राहिली. ह्यांचा श्वास माझ्या मानेवर थांबला. अण्णांनी सरळ माझ्याकडं बघितलं, पदराखालच्या माझ्या तोंडाकडं, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"ऐकू आलं न्हाई."

मग मी ओरडले. भिंतीला सांगितलेले सगळे चहा, गाईनं पोचवलेली सगळी साखर, त्या एका शब्दात घालून ओरडले. काठावरच्या म्हशींनी मान वर केली नाही. त्या उठून गेल्या. जलालभाईंनी कानांवर हात ठेवले आणि म्हणाले, "अब आया जी. परली तक आया."

अण्णा वळले. आम्ही त्यांच्या नाकासमोरून गेलो, आणि त्यांच्या शिडावरून घसरलेला वारा माझ्या तोंडावर आला. मला एकदम लाज वाटायला लागणार होती, मला कळत होतं ती येतेय. पण तेवढ्यात पिंप आलं, ह्यांनी मागून "वळतोय" म्हटलं, दांडा फिरला, आणि मला दोर घेऊन त्या काठावरून या काठावर यायचं होतं.